फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतले निवांत सायकलरस्ते कसे शोधायचे? (लॉत आणि सेले नदीचं खोरं)

पायडल_मार
मंडळी, थोडक्यात मांडतो. दोन जण, सात दिवस, सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा, दक्षिण-पश्चिम फ्रान्स. रोज ६० ते ८० किमी. रोड बाइक, टायर २८ चे, पुढे ५०/३४ आणि मागे ११-२८ दातांच्या चकत्या. सामान प्रत्येकी ८ किलो, मुक्काम छपराखाली, तंबू नाही. दोघांपैकी एक शाकाहारी (अंडं, चीज चालतं).
लॉत खोऱ्याचं नाव ऐकून आहे. पण नकाशावर सगळेच रस्ते "डी अमुक" दिसतात. त्यातला गाड्यांचा कुठला आणि रिकामा कुठला, हे घरबसल्या कळायचा काही मार्ग आहे का? शिवाय ट्रेन, पाणी, जेवण, टायर यावर जाणकारांनी लिहावं.

नकाशेवाला
आधी अक्षरं. ए म्हणजे ओतोरूत, तिथे सायकलला बंदी. एन राष्ट्रीय, डी जिल्ह्याचा (देपार्तमाँचा), सी गावचा. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाची टोपी लाल असेल तर एन, पिवळी असेल तर डी.
डी म्हणजे लहान रस्ता, हा समज मात्र सोडून द्या. २००६ मध्ये केंद्राने सुमारे १८,००० किमी राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांच्या गळ्यात घातले. रस्ता तोच, ट्रक तेच, पाटी बदलली. जुना एन २० लॉत जिल्ह्यात डी ८२० झाला, एन १४० चा डी ८४० झाला. म्हणून आठशे-नऊशेच्या घरातला आकडा दिसला की आधी संशय घ्यायचा. संशयच, निकाल नव्हे. निकाल पुढे.

मिशलँचा कागदी नकाशा घ्या, १:१,५०,००० च्या आसपासचा. लाल टाळा, पिवळा जोडणीपुरता, पांढरा आपला. रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ म्हणजे निसर्गरम्य. ती शांततेची खूण नाही, उलट जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्या कॅम्परव्हॅन हिरव्या रेघेवरच सापडतात. रस्त्यावर आडवे बाण असतात ते चढाचे: एक बाण ५ ते ९ टक्के, दोन ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून उभा.

आता घरबसल्याचा मार्ग. प्रत्येक जिल्हा आपल्या रस्त्यांवरची वाहनमोजणी नकाशावर छापतो. आकड्याला टीएमजेए म्हणतात, म्हणजे वर्षभराची रोजची सरासरी, दोन्ही दिशा मिळून. त्याचा सायकलवाल्याला कळेल असा हिशोब करा. आकडा ५०० असेल तर बहुतेक वाहनं दिवसाच्या १२ तासांत धरा, म्हणजे तासाला ४०-४२, आपल्या दिशेची त्याच्या निम्मी. आपणही २० च्या वेगाने पुढे सरकत असतो, त्यामुळे मागून येणाऱ्यांतली काही आपल्याला गाठतच नाहीत. उरतात तासाला पंधराएक, म्हणजे चार मिनिटांना एक गाडी. १,००० ला दोन मिनिटांना एक. २,००० ला मिनिटाला एक, इथे गप्पा मारत शेजारी शेजारी चालवणं संपतं. ४,००० च्या वर रस्ता ओलांडण्यापुरताच.

पण सगळ्यात उपयोगाची खूण आकड्यात नाही. गाड्या दुसरीकडे कुठून जातात ते बघा. ज्या रस्त्याला वेगवान धाकटा भाऊ मिळाला, तो थोरला निवांत झाला. प्रोव्हान्समधल्या व्होक्लूझ जिल्ह्यात नेस्क नदीची घळ आहे. व्हिल-स्युर-ओझोंहून सो गावाला जाणाऱ्या गाड्या डी १ ने आबेय खिंडीवरून जातात, तो जवळचा. घळीतला डी ९४२ लांबचा, वळणावळणाचा, म्हणून आपल्यासाठी मोकळा. सुमारे २० किमी, चढ दोन-तीन टक्के, माथ्यावरचा कास्तेलारासचा सज्जा ७३४ मीटरवर. मध्ये पाण्याचा थेंब नाही आणि लहान बोगदे आहेत, दिवा हवा.

याचीच दुसरी बाजू टोलची. ए ७५ महामार्ग मियोचा पूल सोडला तर फुकट, म्हणून शेजारचा जुना एन ९ (लोझेर-आव्हेरोंमध्ये डी ८०९) एवढा रुंद असूनही ओस. ए २० ला मात्र ब्रीव्हच्या दक्षिणेला टोल आहे, म्हणून टोल चुकवणारे डी ८२० वर. दोन्ही आठशेच्याच घरातले रस्ते, दोन्ही महामार्गाला लागून, आणि नशीब उलटं. आकडा बघू नका, टोल बघा.

मुक्कामपोस्ट_देहू
रुमाल टाकून ठेवतो. वाचनखूण साठवली आहे.

कालव्याकाठी
एवढा हिशोब कशाला? फ्रान्समध्ये गाड्याच नाहीत असे मार्ग आहेत की. व्हॉआ व्हेर्त, म्हणजे जुन्या रेल्वेमार्गावरचा किंवा कालव्याकाठचा सायकलमार्ग. बर्गंडीतला जिव्री ते क्लुनी हा पहिला, १९९७ चा, ४४ किमी, गुळगुळीत. निव्हेर्ने कालवा १७४ किमी, बर्गंडी कालवा २४२ किमी, कालव्याकाठी चढाचं नाव नाही. लॉतमध्येही व्ही ८६ नावाचा खुणा केलेला मार्ग नदीच्या बाजूने जातो. नवख्याने हेच धरावं.

नकाशेवाला
@कालव्याकाठी, नवख्याला ठीक. पण धागाकर्त्याची सायकल २८ टायरची रोड बाइक आहे, आणि कालव्याची वाट ही खानावळीच्या आमटीसारखी, रोज वेगळी. मिदी कालव्याचंच घ्या. तुलूझपासून पोर-लोरागे बंदराच्या आसपासपर्यंत पन्नासेक किलोमीटर डांबर, पुढे माती, खडी आणि प्लेन झाडांची मुळं. ती मुळं वाटेवर आडवी उठलेली असतात, २८ च्या टायरला रिमपर्यंत दणका बसतो आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. शिवाय २००६ पासून त्या झाडांना बुरशीचा रोग लागलाय, हजारोंनी तोडावी लागली, सावलीचा भरवसा नाही.
जिव्री-क्लुनी उत्तमच. ती वाट पुढे माकोंकडे जाते तिथे ब्वा-क्लेरचा १.६ किमीचा बोगदा आहे. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात. मग खिंडीवरून वळसा.
व्ही ८६ हा "व्हेलोरूत" आहे. व्हेलोरूत म्हणजे फक्त खुणा केलेला मार्ग, बहुतेक भाग साध्या रस्त्यावरूनच. व्हॉआ व्हेर्त म्हणजे मोटारींना बंदी. या दोन शब्दांची गल्लत झाली की अपेक्षाभंग ठरलेला.

कालव्याकाठी
मुळांबद्दल मान्य. ३५ च्या खाली मिदी कालवा नको. पण निव्हेर्नेवर टीका चालणार नाही.

अकरा_दात
टायर आणि गिअर.
११-२८ बदला. लॉत-सेलेचे खोऱ्यातले रस्ते सपाटच आहेत, पण खोऱ्यातून वर कॉसवर (चुनखडीचं पठार) चढायचं म्हटलं की दीडशे-दोनशे मीटर एका दमात, ६ ते ९ टक्के. ३४/२८ वर मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ९.४ किमी. त्यापेक्षा हळू झालात की पाय अडखळतात. ३४/३४ वर तेच ७.८ ला जमतं. आठ किलो सामान लादून ९ टक्क्यांवर हा दीड किलोमीटरचा फरक गुडघ्याला कळतो.

टायर: डिस्क ब्रेक असेल आणि फ्रेममध्ये जागा असेल तर ३२. रायडर ७५ किलो, सायकल १०, सामान ८ धरून पुढे ४, मागे साडेचार बार पुरे. हुकलेस रिम (टायर अडकवायला आतून कडा नसलेली) असेल तर ५ बारच्या वर जायचंच नाही. रिम ब्रेक असेल तर बहुतेक रोड कॅलिपर २८ ला संपतात, मग २८ च ठेवा, पण जाड केसिंगचा घ्या आणि प्रत्येकी दोन ट्यूब. डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) एक जादा, आपल्याच फ्रेमचा. हँगरचे शेकडो आकार असतात, खेड्यातल्या दुकानात आपला मिळेल ही आशा नको. सायकलची दुकानं तिथे रविवारी आणि बरीचशी सोमवारीही बंद.

ब्रेक आणि आरसा याकडे कुणी लक्ष देत नाही. सायकल तिथे भाड्याने घेणार असाल तर पुढचा ब्रेक डाव्या हातात असतो. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना तो उजव्या हातात. पहिल्या उतारावर सवयीने हात दाबला की घात. आधी मोकळ्या जागेत दहा वेळा थांबून बघा. आणि आरसा डाव्या मुठीच्या टोकाला, कारण तिथे गाडी डावीकडून पुढे जाते.

ल्योंवाले
रस्त्याचे नियम. दंडापेक्षा जिवासाठी.

उजव्या हाताने चालवायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. चूक होते ती दोन वेळा: थांब्यानंतर रिकाम्या रस्त्यावर पुन्हा निघताना, आणि डावीकडे वळल्यावर. गाडी दिसत नाही म्हणून मेंदू जुन्या बाजूला जातो. थांबताना सायकल रस्त्याच्या उजव्या कडेलाच लावा, निघताना आपोआप तीच बाजू लागते.

दुसरं, उजवीकडच्याचा हक्क. हा नीट समजून घ्या. गावाबाहेर आपण डी रस्त्यावर, कडेला पांढऱ्या किनारीचा पिवळा चौकोन टोकावर उभा केलेला. याचा अर्थ हक्क आपला. गावाच्या पाटीजवळ (पांढरी, लाल किनार) तोच पिवळा चौकोन काळ्या रेघेने काट मारलेला दिसतो. तिथून पुढे उजवीकडून येणारी प्रत्येक गल्ली आपल्याआधी, मग ती कितीही अरुंद का असेना. तिच्या तोंडाशी थांबायची रेघ नसते, पाटी नसते. म्हातारबाबा आपली पांढरी व्हॅन घेऊन डावीकडे मान न वळवता सरळ रस्त्यात येतात, आणि कायद्याने ते बरोबर असतात. उताराच्या गावात ३० ने घुसलात तर थांबायला जागा उरत नाही. गल्लीच्या तोंडाशी भिंत कोपऱ्यापर्यंत आलेली असेल तर वेग आधीच १५ वर आणा. लाल त्रिकोणात काळी फुली दिसली तर पुढच्या एका चौकापुरता हाच नियम. गोल चौकात मात्र उलट, आत असलेल्याचा हक्क.

बाकी भराभर: कानात इअरफोन २०१५ पासून बंद, एका कानातही नाही. बारा वर्षांखालच्यांना हेल्मेट सक्तीचं, मोठ्यांना नाही, पण घालाच. घंटी हवी. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात झळकता अंगरखा सक्तीचा. गाडीने गावात एक मीटर, बाहेर दीड मीटर सोडून पुढे जायचं असतं, आणि खेड्यात बहुतेक जण ते पाळतात. निळी गोल सायकलची पाटी म्हणजे तिथूनच जायचं, निळी चौकोनी म्हणजे मर्जी.

सप्टेंबरच्या मध्याला सूर्य साडेसातच्या पुढेच उगवतो आणि आठच्या सुमारास मावळतो. लॉत-सेले खोऱ्यात तेव्हा सकाळी धुकं साचतं, दहापर्यंतही हलत नाही. वर पठारावर लख्ख ऊन असतं. सकाळी निघायची घाई असेल तर आधी पठाराचा फेरा, मग खोरं. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

पायडल_मार
हे सोनं आहे सगळं. @ल्योंवाले, रस्त्यावर खडी टाकलेली असते म्हणतात, ती किती त्रासाची?

ल्योंवाले
पाटीवर "ग्राव्हियों" दिसलं की सावध. पद्धत अशी: रस्त्यावर डांबराचं पातळ मिश्रण फवारतात, वर बारीक खडी पसरतात, रोलर फिरवतात आणि उरलेलं दाबायचं काम येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांवर सोडतात. जादा खडी काही दिवसांनी झाडून नेतात. हे काम कोरड्या, उबदार हवेतच होतं, म्हणून उन्हाळाभर ते सप्टेंबरपर्यंत. मोठ्या रस्त्यांवर हल्ली वेगळं डांबर असतं, खडीचा प्रकार नेमका आपल्या आवडत्या लहान रस्त्यांवर.
गाड्यांच्या चाकांनी खडी दोन्ही कडांना आणि मधोमध सारलेली असते. चाकाच्या पट्ट्यात चालवायचं, कडेला सरकायचं नाही. वळणावर ब्रेक नाही, आधी वेग मारा, वळणात सायकल सरळ ठेवा. समोरून गाडी आली तर मान खाली, काचेवर उडते तशी तोंडावरही उडते. ताज्या कामावरून गेलात तर शंभर मीटरवर थांबून टायर हाताने पुसा. चिकटलेला कच पुढच्या दोन किलोमीटरमध्ये आत शिरतो.
तुकड्या-तुकड्यांनी तेच ठिगळ मारलेलं असतं, ते पाटीशिवाय असतं. झाडांच्या सावलीत ते दिसत नाही.

आणि "रूत बारे", म्हणजे रस्ता बंद. किती पुढे बंद ते खाली लिहिलेलं असतं. साधं खोदकाम असेल तर सायकल हातात धरून बाजूने जाता येतं, कामगारांना विचारून. पूल बंद असेल तर गंमत संपली, खोऱ्यात पुढचा पूल कित्येक किलोमीटरवर असू शकतो. आदल्या रात्री जिल्ह्याच्या रस्ते-माहितीच्या संकेतस्थळावर बघा.

नकाशेवाला
आता मार्ग. मी काओर (लॉत जिल्ह्याचं मुख्य शहर) ते काओर असा फेरा सुचवतो, कारण सायकलची पेटी एकाच ठिकाणी ठेवता येते आणि थेट ट्रेन आहे.

काओर ते व्हेर, डी ६५३, सुमारे १५ किमी. अख्ख्या फेऱ्यातला हा सगळ्यात गाड्यांचा तुकडा. उपाय वेळेत आहे. फ्रेंच खेडं दुपारी सव्वाबारा ते पावणेदोन जेवत असतं, तेव्हा पिवळा रस्ताही पांढरा होतो. साडेसात ते नऊ आणि साडेचार ते साडेसहा मात्र टाळा. बुधवारी आणि शनिवारी काओरला बाजार असतो, त्या सकाळी शहरातून बाहेर पडू नका.
व्हेरपासून डी ६६२ लॉतच्या काठाने. कोंदुशेला सेले नदी येऊन मिळते, तिथे डावीकडे डी ४१. ही आपली वाट. काब्रेरे, सोलियाक, मार्सियाक, ब्रेंग, एस्पान्याक, मग फिजाक. एका बाजूला पांढरा-पिवळा कडा, काही ठिकाणी रस्ता त्याच कड्याच्या पोटाखालून, दुसऱ्या बाजूला नदी आणि पॉपलरच्या रांगा. काब्रेरे ते फिजाक ४५ किमीच्या आसपास, चढ नावापुरता. गाड्या कमी का? फिजाक-काओर जाणारे लॉतच्या काठचा डी ६६२ घेतात किंवा वर पठारावरून जातात, सेलेला फक्त सेलेतलेच लोक. धाकट्या भावाचा नियम पुन्हा. जुलै-ऑगस्टमध्ये होड्यांचे ट्रेलर असतात, सप्टेंबरमध्ये ते उरत नाहीत. पाऊस पडून गेल्यावर कड्याखाली छोटे दगड पडलेले असतात, वळणाच्या आतल्या बाजूला नेमके.

काब्रेरेच्या वर पेश-मेर्लची गुहा. तिच्या भिंतीवर चितारलेले ठिपक्यांचे घोडे सुमारे २९,००० वर्षांपूर्वीचे. दिवसाला ७०० च माणसं सोडतात, तिकीट आधी काढा. गावातून वर चढ उभा आहे आणि गुहेत १२ अंश, घामेजल्या जर्सीवर घालायला काहीतरी न्या.

फिजाकला एक दिवस द्या. इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा शांपोल्यों इथला, जन्म १७९०. त्याच्या घरामागच्या चौकात रोझेटा शिळेची भलीमोठी प्रतिकृती जमिनीत बसवली आहे, तिच्यावरून चालता येतं. सामान खोलीत ठेवून उत्तरेला कार्दायाककडचा फेरा करा, तिकडे चुनखडी संपून चेस्टनटची झाडं लागतात.

परतीला लॉतचा काठ. फिजाक ते काजार्क डी ६६२ ने सुमारे २५ किमी. इथून पुढे शक्य तिथे नदी ओलांडून डावा काठ धरा, सेनेव्हियेरच्या किल्ल्याच्या बाजूने सँ-सिर-लापोपीपर्यंत. तिथून बुझिएसकडे डी ४०, कड्यावरून खाली लॉतचं वळण दिसतं. बुझिएस आणि सँ-सिरमध्ये नदीकाठी खडकात कोरलेली जुनी वाट आहे, जहाजं ओढायच्या काळातली. ती पायी बघायची. क्लीटच्या (पेडलला अडकणाऱ्या) बुटांनी नाही, आणि सायकल ढकलतही नाही.

सगळा फेरा दीडशे किलोमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे ६०-८० च्या हिशोबाने दोन-अडीच दिवसांचं काम. उरलेले दिवस पठारावरचे फेरे करा: मार्सियाकहून उत्तरेला कॉस दे ग्रामा, काजार्कहून दक्षिणेला कॉस दे लिमोन्यं. दगडी गडगे, बुटके ओक, मेंढ्या. रस्ते पांढरे, गाड्या नाहीत आणि पाणीही नाही. चुनखडी पाणी पिऊन टाकते.

मार्ग आखताना ॲपवर आंधळा भरवसा नको. ॲप हमखास एखाद्या "शमँ र्युराल"मध्ये, म्हणजे बैलगाडीच्या वाटेत नेऊन सोडतं. फ्रेंच सरकारच्या ऑनलाइन नकाशावर हवाई छायाचित्र लावा, डांबर करडं दिसतं, वाट पांढरी-तपकिरी. आणि सायकलवरच्या यंत्रात चुकल्यावर आपोआप नवा मार्ग काढणं बंद करा. नाहीतर एक वळण चुकलं की ते थेट डी ८२० वर काढतं.

भाकरतुकडा
पाणी आणि पोट.
पाणी: बाटल्या दोन, पठारावर जाणार असाल तर दीड-दोन लिटर. प्रत्येक गावच्या दफनभूमीत फाटकाजवळ नळ असतो, फुलांना पाणी घालायला. बहुतेक ठिकाणी गावच्याच पाणीपुरवठ्याचा. "ओ पोताब्ल" म्हणजे पिण्याचं, "नों पोताब्ल" असेल तर नाही. दगडी कारंज्याला पाटी नसेल तर सोडून द्या.
दुकानं: साडेबाराला शटर खाली, उघडायला अडीच-तीन. रविवारी दुपारनंतर काही नाही. सोमवारी बेकरीसुद्धा बंद असू शकते. म्हणून शनिवारी संध्याकाळी दोन दिवसांचं भरून ठेवा. सेलेच्या खोऱ्यात मोठं दुकान नाही, फिजाक किंवा काओरला भरा. शनिवारी फिजाकचा बाजार आहे, तो चुकवू नका.
खानावळीत जेवण बारा ते दीड. पावणेदोनला गेलात तर नम्रपणे नाही म्हणतात, भूक कितीही असली तरी.

शाकाहाऱ्याने शब्द पाठ करावा: "सां लार्दों", डुकराच्या तुकड्यांशिवाय. गरम चीज घातलेलं सॅलड मागवलं तरी वर लार्दों भुरभुरलेले येतात, कीशमध्येही असतात. या भागात बदकाची चरबी स्वयंपाकाला वापरतात, परतलेले बटाटे त्यातच असतात. ते विचारा. बिनधोक: आमलेट, रोकामादूर नावाचं बकरीच्या दुधाचं छोटं गोल चीज, अक्रोड, पाव, टोमॅटो. (चीजमधल्या रेनेटचा, म्हणजे वासराच्या पोटातल्या विरजणाचा, प्रश्न ज्यांना आहे त्यांनी हे वाक्य वगळावं.)

मुक्काम: संत याकोबाच्या पदयात्रेचा मार्ग फिजाक-काजार्क-काओरवरून जातो आणि त्याची एक शाखा सेले खोऱ्यातून. आपल्या वारीसारखे मुक्काम ठरलेले. त्यामुळे गावोगाव "जीत देताप" आहेत, "दमी-पॉंसियों" घेतलं की रात्रीचं जेवण, खाट आणि न्याहारी. शाकाहारी असल्याचं बुकिंग करतानाच सांगा, एकच हंडा शिजतो. पदयात्री मे आणि सप्टेंबरलाच जास्त, म्हणून आधी ठरवा. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी वारसा दिवस असतात, तेव्हा खोल्या आणखी घटतात. "अकय व्हेलो" (सायकलस्वारांचं स्वागत) असा शिक्का असलेल्या जागी सायकल कुलूपबंद ठेवायची सोय असते.

पेटीबंद
ट्रेन. पॅरिस ऑस्तेर्लित्सहून काओरला थेट आँतेरसिते (लांब पल्ल्याची गाडी), साडेपाच तासांच्या आसपास. अख्खी सायकल न्यायची तर जागा आरक्षित करावी लागते, १० युरो, आणि जागा मोजक्या. सुटी करून पिशवीत घातली तर फुकट, पण पिशवी १३० × ९० सेंमीत बसली पाहिजे. गोची इथे आहे: विमानाची पुठ्ठ्याची पेटी बहुधा १३० पेक्षा लांब असते. म्हणजे विमानतळावर पेटी उघडून सायकल जोडायची आणि आरक्षणाने न्यायची, किंवा पहिल्यापासून मऊ पिशवी. टीईआर या प्रादेशिक गाड्यांत सायकल बहुतेक ठिकाणी फुकट, तुलूझ किंवा ब्रीव्हहून फिजाक गाठायला त्या आहेत. या मार्गावर रुळांची कामं चालतात, तिकीट काढताना गाडीऐवजी बस दाखवत असेल तर थांबा. बसमध्ये सायकल घेतीलच असं नाही.

विमा: शेंगेन व्हिसाला ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं. पॉलिसीच्या वगळलेल्या गोष्टींत सायकल प्रवास नाही ना, हे व्हिसाआधीच वाचा. मदतीचा नंबर ११२. सेलेच्या घळीत मोबाइलला रेंज कधी असते कधी नसते, नकाशे आधीच उतरवून ठेवा.

मुक्कामपोस्ट_देहू
एक शंका. सप्टेंबरमध्ये शिकारीचा हंगाम सुरू होतो ना?

ल्योंवाले
हो, साधारण मध्यापासून. रविवारी जास्त. रस्त्याकडेला "शास आँ कूर"ची पाटी आणि नारिंगी जाकिटातली माणसं दिसली तर डांबरावरच राहा, कडेच्या झाडीत आडोशाला जाऊ नका. पळालेलं रानडुक्कर रस्ता ओलांडतं, हा खरा धोका.
पुढेमागे आल्प्स-पिरेनीजला गेलात तर मेंढ्यांबरोबरचा पांढरा राखणदार कुत्रा, पातू. उतरायचं, सायकल मध्ये धरायची, ओरडायचं नाही, काठी उगारायची नाही, कळपाला लांबून वळसा घालत चालत जायचं. पळालात की तो धावतो.

बीआरएम_पुणेकर
उत्तम धागा. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीची (२०२७) तयारी करणाऱ्यांनीही वाचावा. १,२०० किमी आणि ९० तास असले तरी रस्ते बरेचसे याच जातीचे, खडबडीत खडीचे. फक्त तिथे नळ शोधायला थांबायला वेळ नसतो :)

पायडल_मार
सगळ्यांचे आभार. फेरा ठरला, पेटी काओरला. @अकरा_दात, एकच राहिलं. ११ स्पीड शिमानो १०५ संच, रिम ब्रेक. नुसती ११-३४ कॅसेट बसवली तर चालेल का?

अकरा_दात
डिरेलरच्या पिंजऱ्याच्या आतल्या पट्टीवर बघा, एसएस (आखूड पिंजरा) की जीएस (त्याहून लांब) लिहिलंय. १०५ च्या आर ७००० चा एसएस ३० दातांपर्यंतच, जीएस ३४ पर्यंत. एसएस असेल तर डिरेलर बदला, नाहीतर ११-३० वर भागवा. ११-३४ रोड हबवर बसवताना मागे १.८५ मिमीची चकती आधी घालायची, ती विसरली तर कॅसेट डगडगते. साखळीची लांबी जुनीच ठेवू नका. मोठं पुढचं आणि मोठं मागचं अशी जोडी लावून हाताने फिरवा. पिंजरा सरळ ताणला गेला तर चार कड्या वाढवा. आणि हे सगळं निघायच्या आठवड्यात नको. एकदा सिंहगडावर चढवून बघा, मग पेटीत भरा.